प्रकल्प नोंदी: लेनापी धाटणीच्या मोकासिनचा एक जोड, कच्च्या कातड्यापासून मण्यांपर्यंत

२६ ऑक्टोबर २०२४: आराखडा

मोठ्या माणसाच्या पायाचा (पाऊल २५ सेमी) मोकासिनचा, म्हणजे कातड्याच्या पादत्राणांचा, एक जोड करायचा आहे. हातात घेऊन, उलटून, आतली शिवण बघता येईल असा अभ्यासाचा नमुना, विक्रीसाठी नाही. काळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा, लेनापी लोक कॅन्ससमध्ये होते तेव्हाचा.

लेनापी, म्हणजे सरकारी कागदांतले डेलावेअर, ही अमेरिकेतली मूळनिवासी जमात, मूळची डेलावेअर नदीच्या खोऱ्यातली. आजचं न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियाची पूर्व बाजू, न्यूयॉर्कचा दक्षिण भाग आणि डेलावेअर राज्याचा उत्तर भाग हा त्यांचा मुलूख. न्यू जर्सीतल्या एडिसन गावची मराठी वस्तीही त्याच जमिनीवर आहे. तिथून ते पश्चिमेकडे ढकलले गेले. १८२९च्या कराराने कॅन्सस, १८६६नंतर आजचं ओक्लाहोमा. आज बार्टल्सव्हिलची डेलावेअर ट्राइब ऑफ इंडियन्स, अनाडार्कोची डेलावेअर नेशन, विस्कॉन्सिनमधली स्टॉकब्रिज-मन्सी आणि कॅनडातल्या ऑन्टारियोमधल्या वसाहती असे त्यांचे समाज आहेत. ही कला मेलेली नाही, त्यामुळे आपण 'पुनरुज्जीवन' वगैरे शब्द वापरायचे नाहीत.

मोकासिनच का? लेनापींच्या अंगावरचं बहुतेक कातडं अठराव्या शतकातच व्यापारी कापडाने हटवलं. गुस्तावस हेसेलियस या चित्रकाराने १७३५ साली रंगवलेल्या तिश्कोहान या लेनापी पुढाऱ्याच्या चित्रात खांद्यावर निळी घोंगडी आहे आणि प्राण्याच्या कातड्याची आहे ती फक्त गळ्यातली छोटी पिशवी. पायात मात्र कातडं पुढेही टिकलं. कातडं, कापड, रेशमी फीत आणि काचेची पोत (बारीक मणी) असं चारही सामान एकाच वस्तूत यायचं तर जोडासारखी दुसरी वस्तू नाही.

'नेटिव्ह अमेरिकन पोशाख' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे येतो तो लांब झालरींचा, छातीभर मण्यांच्या पट्ट्यांचा पोशाख मैदानी जमातींचा, लकोटा किंवा शायेनसारख्यांचा. आपल्या कामात त्यातलं काही येणार नाही. मण्यांच्या समांतर रांगा टाकायचा त्यांचा टाकाही इथे वापरायचा नाही.

३ नोव्हेंबर: कातडं निवडलं

पांढऱ्या शेपटीचं हरीण, शिकारीच्या हंगामातलं, खाटकाकडून आलेलं कच्चं कातडं. तीन कातडी बघून एक घेतलं. बघायचं ते आतल्या बाजूने. हरणाचं कातडं सुरीने सोलताना अर्ध्या जाडीपर्यंत कापलेल्या रेघा राहतात. त्या ओल्या कातड्यावर दिसतही नाहीत, पण ताणताना तिथेच फाटतं. हाताने ओढून सोललेलं कातडं मिळालं तर पहिली पसंती त्याला. गोळीची भोकं एवढी वाईट नसतात. ती एका जागी असतात आणि त्यांना चुकवून बेतता येतं.

कण्याच्या दोन्ही बाजूंची पट्टी सगळ्यांत एकसारखी, मान जाड, पोट नि काखा पातळ आणि लवचीक. तळवा कण्यालगतच्या भागातून येईल, त्यामुळे तिथे रेघ नको, एवढी एक अट ठेवली.

मीठ लावलं नाही, कारण उद्याच काम सुरू. ठेवायचंच असेल तर आतून भरपूर जाडं मीठ चोळून गुंडाळावं. नुसतं फ्रिजमध्ये ठेवलेलं ओलं कातडं केसांच्या मुळाशी कुजायला लागतं आणि मग केसांबरोबर कातडंही सुटतं.

४ नोव्हेंबर: आतलं मांस काढलं, राखेच्या पाण्यात टाकलं

तिरक्या गुळगुळीत ओंडक्यावर कातडं टाकून दोन मुठींच्या बोथट पट्टीने मांस आणि चरबी ढकलून काढली. पट्टीला धार नको. धारेने कापलं जातं, बोथट काठाने सोललं जातं. ओंडक्यावर गाठ किंवा खडा राहिला तर नेमकं त्यावरच भोक पडतं, म्हणून दर थोड्या वेळाने हात फिरवून बघणं.

राखेचं पाणी कठीण लाकडाच्या चाळलेल्या राखेचं. किती राख, याचं माप देऊन उपयोग नाही; राख राखेत फरक असतो. ताजं अंडं सोडायचं, तरंगून पाच रुपयांच्या नाण्याएवढा भाग पाण्याबाहेर राहिला की बरोबर. जास्त वर आलं तर पाणी घाला, बुडालं तर राख. हे पाणी त्वचा खातं, लांब रबरी हातमोजे घातल्याशिवाय हात घालू नये.

यात नुसते केस सुटत नाहीत. कातड्याच्या तंतूंमध्ये भरलेला चिकट पदार्थही विरघळून निघतो. तो राहिला तर पुढे कातडं मऊ करायला लावतात तो मेंदूचा किंवा अंड्याचा स्निग्धांश आत शिरत नाही. केस निघाले म्हणून घाई करून बाहेर काढलेलं कातडं शेवटी पुठ्ठ्यासारखं होतं ते यामुळेच.

दिवसातून दोनदा काठीने हलवणं. हवा थंड आहे, वेळ जास्त लागेल.

९ नोव्हेंबर: केस आणि वरचा थर

पोटाकडचे केस बोटाने ओढले तरी हातात येतात, कातडं फुगून रबरासारखं, पिवळसर अर्धपारदर्शक झालंय. तयार आहे.

आता या सगळ्या कामातलं सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. केस काढणं सोपं; केसांखालचा घट्ट, गुळगुळीत दाणेदार थरही खरवडून काढायचा असतो. कोल्हापुरी चपलेच्या चामड्यात हा थर जपतात, त्याच्यावरच चमक येते, आणि बाभळीची साल नि हिरडा यांनी ते कमावतात. इथे उलट. लेनापी आणि पूर्व जंगलपट्टीतल्या जमातींच्या पद्धतीत साल नाही, मेंदू आणि धूर. तो दाट थर राहिला तर स्निग्धांश एका बाजूने अडतो. शिवाय तो थर काढला की कातडं दोन्ही बाजूंनी सारखं, मखमलीसारखं मोकळं होतं, आणि मण्याची सुई त्याच्या जाडीत आडवी घालता येते. गुळगुळीत थराखाली सुई आडवी सरकवली तर थर उचकटतो.

मानेपासून सुरुवात. एका बाजूने सलग पट्टे पाडत जायचं आणि प्रत्येक पट्टा आधीच्यावर थोडा चढवायचा. थर निघालेला भाग निस्तेज आणि किंचित खडबडीत, राहिलेला भाग ओलसर चकचकीत. संध्याकाळच्या तिरक्या उजेडात राहिलेली बेटं सापडतात. दुपारच्या उजेडात फसगत होते. मानेवर आणि पुठ्ठ्यावर (कमरेमागच्या भागावर) थर हट्टी, तिथे कण्याच्या दिशेने. काखेत आणि जांघेत मात्र जोर अर्ध्यावर आणायचा, तिथली चामडी कागदाएवढी असते.

१० नोव्हेंबर

रात्रभर वाहत्या पाण्यात. फुगलेपण गेलं, कातडं पुन्हा पांढरट आणि लुळं. शेवटच्या बादलीत थोडं व्हिनेगर, क्षार मारण्यासाठी. क्षार राहिला तर धुरी बसत नाही आणि वास राहतो. आतल्या बाजूचा उरलेला पापुद्रा पुन्हा ओंडक्यावर घेऊन काढला. दोन छोटी भोकं ओल्यातच शिवली: आधी गोल भोक कण्याच्या दिशेने लांबट कापलं, मग काठावरून गुंडाळत बारीक टाके. गोल भोक तसंच शिवलं तर दोन्ही टोकांना कोंब राहतात, ताणताना ते फुटतात.

१६ नोव्हेंबर: अंडी, आणि हाताने मऊ करणं

परंपरेत इथे हरणाचाच मेंदू वापरतात. एका हरणाचा मेंदू त्याच्या कातड्याला पुरतो, असं या कामातले सगळेच सांगतात आणि ते खरं आहे. पण शेजारच्या पेनसिल्व्हेनियात २०१२पासून हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज सापडतोय. हा प्रायॉनचा, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनांचा, रोग मेंदू आणि पाठीच्या कण्यात साठतो आणि उकळूनही जात नाही. तपासणी न झालेल्या हरणाचा मेंदू हाताळायचा नाही असं ठरवलं. अंड्याच्या बलकातही लेसिथिन आणि तेल एकत्र असतं, काम तेच होतं.

बारा बलक, दोन लिटर पाणी. पाणी हाताला सुखद कोमट, ४० अंशांच्या आसपास. जास्त गरम पाण्यात ओलं कातडं आक्रसतं आणि आक्रसलेलं परत येत नाही. हात बुडवून ठेवता येत नसेल तर कातडंही बुडवू नये.

कातडं आधी पिळून अर्धं ओलं केलं. खांबाला वळसा, टोकं एकात एक गुंडाळून दांडा घालून पीळ, मग दुसऱ्या दिशेने पीळ. पाणी बाहेर गेल्याशिवाय बलक आत जाणार नाही. बुडवणं, मळणं, पिळणं, पुन्हा बुडवणं. परीक्षा अशी की कातड्याची पिशवीसारखी घडी करून आत हवा कोंडायची आणि दाबायची. हवा सूक्ष्म बुडबुड्यांनी सगळीकडून बाहेर आली तर आत शिरलंय. कुठे नुसताच फुगा राहिला तर तिथे थर किंवा पापुद्रा शिल्लक आहे.

मग ताणणं. इथे थांबता येत नाही. तंतू सुकताना एकमेकांना चिकटू पाहतात. हलते ठेवले तर मोकळे सुकतात. कडा सगळ्यांत आधी सुकतात म्हणून कडांना आधी, मग मध्ये, गुडघ्यावर, खांबाला घासून, दोघांनी समोरासमोर ओढून. ताणलेल्या तारेच्या दोरावर पुढेमागे घासलं की मानेचा भाग लवकर सुटतो. गालाला लावून थंड लागलं तर आत ओल आहे. ओल असताना सोडलं तर दोन तासांत तो भाग पत्र्यासारखा.

मान आणि पुठ्ठ्याचा डावा कोपरा करकरीत राहिला. अपेक्षितच, जाड कातड्याला एका फेरीत क्वचितच येतं.

१७ नोव्हेंबर

पूर्ण कातडं पुन्हा भिजवून दुसरी फेरी, आठ बलक. नुसते करकरीत डाग ओले करून भागत नाही, डागाच्या कडेला रेघ राहते. आज मान सुटली. पांढरं, जाड फ्लॅनेलसारखं कातडं. इथवर आलेलं कातडं दिसायला सगळ्यांत सुंदर आणि कामाला सगळ्यांत निरुपयोगी: पाणी लागलं की पुन्हा कडक.

२३ नोव्हेंबर: धुरी

कातडं दुमडून कडा तात्पुरत्या शिवून पिशवी केली, तोंडाला जुन्या जाड कापडाचा घोळ. घोळ धुराच्या डब्यावर बांधला, कातडं वर टांगलं. डब्यात निखाऱ्यावर कुजून भुसभुशीत झालेलं, पूर्ण वाळलेलं लाकूड. हे लाकूड पेटत नाही, धुमसतं. मक्याची वाळलेली कणसंही चालतात. ज्वाला दिसली की संपलं: कातडं आक्रसून काळं पडतं. कोणीतरी पूर्ण वेळ डब्यापाशी बसलंच पाहिजे, फोन न बघता.

धुरातली अल्डिहाइड नावाची रसायनं तंतूंना एकमेकांशी बांधतात. म्हणून धुरी दिलेलं कातडं भिजून सुकलं तरी हाताने थोडं चोळलं की मऊ. रंग हा त्याचा वरचा फायदा, सोनेरी ते गडद तपकिरी. बाहेरच्या बाजूला तांबूस ठिपके उमटायला लागले की धूर आरपार आलाय. मग पिशवी उलटून दुसरी बाजू. उलटल्यावर कमी वेळ लागतो.

शिवणीच्या कडेला फिकी पट्टी राहिली. ती बेतात वगळली. घडी करून आठवडाभर बंद ठेवायचं, रंग आणि वास दोन्ही बसतात. कडेची चिंधी पाण्यात बुडवून उन्हात सुकवली: मऊच राहिली. पुढे जायला हरकत नाही.

३० नोव्हेंबर: बेतणं

पूर्वेकडच्या या मोकासिनला वेगळा तळवा नसतो. एकच तुकडा पायाखालून वर येतो, पंजाच्या वर मधोमध एक शिवण, टाचेला एक शिवण, आणि घोट्याशी बाहेर दुमडून पडणाऱ्या रुंद झडपा. मैदानी जमातींचा कडक कच्च्या कातड्याचा तळवा हा वेगळा प्रकार. जंगलातल्या वाटांना मऊ तळवा चालतो, काटेरी माळाला नाही.

२५ सेमी पावलासाठी तुकडा सुमारे ३६ × २६ सेमी: पंज्याच्या पुढे साडेचार सेमी वर वळायला, टाचेला साडेसहा सेमी. रुंदी म्हणजे पंज्याचा घेर २४ अधिक २ सेमी. पुढची कड अर्धवर्तुळाकार. तुकड्याची लांबी कण्याच्या दिशेने ठेवायची, कारण हरणाचं कातडं आडवं जास्त ताणतं. आडवं कापलं तर जोड महिन्याभरात लांबीला वाढतो आणि टाच मागे लोंबते. रुंदीला वाढणं पायाला सोयीचं असतं.

कातड्याला कात्री लावण्याआधी जाड घोंगडीच्या कापडाचा एक बूट शिवून घातला. कापड ताणत नाही, त्यामुळे कापडात किंचित घट्ट तेच कातड्यात बरोबर. डावा-उजवा आरसा-प्रतिमेसारखे, कण्याच्या दोन बाजूंनी समोरासमोर कापले, जाडी सारखी मिळावी म्हणून.

७ डिसेंबर: धागा

जोडणीच्या शिवणींना कंडरेचा धागा. हरणाच्या पाठीवरच्या स्नायूलगतची चपटी कंडरा वाळवून, लाकडी हातोडीने हलकी ठेचून, नखाने तंतू सोडवायचे. तंतू ओला करून मांडीवर वळायचा, पण टोक कोरडं ठेवायचं. ते वाळून ताठ राहतं आणि आरीने पाडलेल्या छिद्रातून सुईशिवाय जातं. कंडरा सुकताना आक्रसते आणि टाका आपोआप आवळतो. ओली असतानाच गच्च ओढली तर सुकल्यावर कातडं कापते.

मण्यांसाठी मेण लावलेला नायलॉनचा बारीक धागा. जुन्या कापडी झडपांवरचं मणीकाम सुती किंवा तागाच्या धाग्याचं, त्यामुळे इथे कंडरेचा आग्रह धरणं उगीच शुद्धतेचा देखावा ठरेल. सुती धागा पोतीच्या धारदार छिद्राशी झिजतो, आणि हा नमुना खूप हात लागणारा आहे.

१४ डिसेंबर: पोत

११ नंबरची, चेक प्रजासत्ताकातली पोत. एक मणी रुंदीला सुमारे २.१ मिमी, ओवल्यावर लांबीला साधारण १.४ मिमी; म्हणजे पूर्ण भरलेल्या एका चौरस सेंटीमीटरला ३४च्या आसपास मणी. झडप एका बुटाला ३२ × ६.५ सेमी, त्यातला साधारण तिसरा हिस्सा नक्षीने भरणार: जोडाला ५,०००. पंज्याच्या शिवणीवरची पट्टी ११.५ × २.५ सेमी, पूर्ण भरलेली: जोडाला १,९५०. कडेची किनार: ६००. एकूण ७,५५०, आणि दहातला एखादा वाकडा किंवा अर्धवट छिद्राचा निघतो म्हणून ८,३०० धरले. एका जुडीत २० इंची १२ सर, चार हजारांवर मणी. हिशेबाने दोन जुड्या पुरतात, पण सहा रंग लागतात, त्यामुळे पांढऱ्याची पूर्ण जुडी आणि बाकीचे रंग सुटे सर.

रंग: खडूसारखा पांढरा, पांढऱ्या पोटाचा लाल (बाहेर लाल काच, आत पांढरी), मातकट पिवळा, फिका निळा, गडद पारदर्शक निळा, हिरवा. लाल निवडताना मणी फोडून बघावा. स्वस्तातला लाल कधी कधी नुसता रंगवलेला असतो, ॲसिटोनमध्ये बुडवला की कापसाला रंग लागतो. आत पांढरं असेल तर लाल गडद कापडावरही उजळ दिसतो, म्हणूनच तो हवा.

काचेच्या पोतीआधी या भागात साळिंदराचे रंगवलेले काटे आणि शिंपल्याचे मणी होते. शंखाचे पांढरे आणि क्वाहॉग शिंपल्याचे जांभळे, नळीसारखे वॅम्पम मणी जेमतेम ६ मिमी लांब. एक गंमत: लेनापींच्याच जुन्या मुलखात, न्यू जर्सीतल्या पास्कॅक इथे, कॅम्पबेल नावाचं गोरं कुटुंब १८८९पर्यंत शिंपल्याचे मणी नि नळ्या बनवून पश्चिमेकडच्या व्यापाऱ्यांना विकत होतं. तोवर लेनापी तिथून हजारो किलोमीटर दूर गेले होते.

४ जानेवारी २०२५: नक्षी

कॅन्सस काळातल्या लेनापी खांद्याच्या पिशव्यांवर जी नक्षी दिसते तिची घडण पाहून स्वतःची नक्षी काढली, कोणत्याही एका वस्तूची नक्कल नाही. फुगीर पानासारखे आकार, दोन बाजू एकमेकींशी तंतोतंत न जुळणाऱ्या, एकाच पानात मध्येच रंग बदललेला, भोवती पांढरी रेघ. बिग हाऊस या लेनापींच्या धार्मिक विधीशी जोडलेल्या वस्तूंवरचं काहीही घ्यायचं नाही. तो विधी १९२४ साली शेवटचा झाला. पण शेवटचा झाला म्हणून तो कोणाच्याही हाताला मोकळा होत नाही.

संग्रहालयातल्या जुन्या वस्तू जवळून बघण्याची संधी मिळेल त्याने नायट्राइलचे हातमोजे घालावेत. अशा वस्तूंवर कीड लागू नये म्हणून पूर्वी आर्सेनिक आणि पारा मारलेला असतो. जुन्या निळ्या-हिरव्या पोतीवर चिकट थर दिसला तर तो मळ समजून पुसू नये: काचेतला क्षार बाहेर येऊन कातड्यातल्या चरबीशी मिसळतो, त्याचं ते लक्षण.

११ जानेवारी: झडपांचं मणीकाम

झडप म्हणजे आत कातडं, वर काळं लोकरी कापड, कडेने रेशमी फीत. मणी काम जोडणीच्या आधी, झडप सपाट असताना. कागदावर नक्षी कापून कापडावर कच्च्या टाक्याने बसवली. कागदावरूनच मणी शिवायचे. कागद टाके धरून ठेवतो, कापड चुरगळत नाही.

टाका दोन सुयांचा. पहिल्या सुईत मणी ओवून ते रेघेवर आडवे ठेवायचे. दुसऱ्या सुईचा धागा खालून वर येऊन, ओवलेल्या धाग्यावरून आडवा जाऊन पुन्हा खाली. सरळ रेघेत दर तीन मण्यांना एक बांधणी, वळणावर दर दोन मण्यांना. वळणावर तीन घेतले की मधला मणी बाहेर सुटतो आणि रेघ कोनात मोडते.

क्रम असा: पांढरी बाह्यरेघ आधी, पूर्ण बंद. मग तिला चिकटून आत दुसरी रेघ, मग तिसरी, आकाराच्या कडेला धरून आतवर. आडव्या रांगांनी भरलं तर पान सपाट, मेलेलं दिसतं. कडेला धरून भरलं की रेघांच्या वळणामुळे उजेड फिरतो. शेवटी मध्ये अर्ध्या मण्याएवढी जागा उरते. तिथे मणी दाबून बसवला तर शेजारच्या रेघा उचलल्या जातात, आणि नाही बसवला तर कापड दिसतं. यासाठी निवडताना पातळ, बशीसारखे मणी वेगळ्या डबीत काढून ठेवलेत. खोटे म्हणून टाकून दिले जातात तेच इथे लाखाचे.

पारदर्शक निळा काळ्या लोकरीवर जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून तो फक्त पांढऱ्या रेघेच्या आत, फिक्या निळ्याच्या शेजारी. पांढरी रेघ शोभेची समजणाऱ्यांनी हा निळा एकदा रेघेशिवाय काळ्यावर लावून बघावा.

२५ जानेवारी: पंज्याची पट्टी

ही कातड्यावर आहे, आणि इथे कातड्याचं सगळं आधीचं काम फळाला येतं किंवा उघडं पडतं. सुई कातड्याच्या आरपार जाऊ द्यायची नाही. निम्म्या जाडीत शिरून दोन मिमी पुढे बाहेर. आतल्या बाजूने टाका दिसत नाही, पायाला घासत नाही, झिजत नाही. जाडी सव्वा मिमीच्या आसपास आहे, त्यामुळे सुई नंबर १२, गोल टोकाची. तीनधारी चामड्याची सुई इथे तंतू कापते. दोन मिमीवर दोन टाके घातले की मधली भिंत तुटून मणी सरासह लोंबतो.

जिथे धुरी कमी बसली आहे तिथे सुई अडखळते, जिथे वरच्या थराचं बेट राहिलं आहे तिथे ती वर उसळते. पट्टीच्या उजव्या तुकड्यात असं एक बोटभर बेट निघालं. तो तुकडा बाजूला ठेवून कण्यालगतचा नवा कापला.

पट्टीखाली पातळ सुती कापड कच्चं टाकलं, नाहीतर मण्यांचा ताण आडवा येऊन पट्टी पन्हळीसारखी वळते. शेवटी कापड कडेने कापून टाकायचं.

८ फेब्रुवारी: जोडणी

पंज्याच्या अर्धवर्तुळाची प्रत्येक बाजू १७ सेमी, ती ११.५ सेमीत बसवायची. कडेपासून ४ मिमीवर धावदोरा, टाके ३ मिमीचे, दोन्ही बाजूंना समोरासमोर नेमके. धागा ओढून चुण्या पाडल्या. बोटांच्या टोकाशी चुण्या दाट, पायाच्या पाठीकडे येता येता विरळ. सारख्या वाटल्या तर टोकाला कोंब आणि वर झोळ राहतो. कातडं किंचित ओलं असेल तर चुण्या हाडाच्या सळईने दाबून बसतात आणि तशाच सुकतात.

मग दोन्ही कडा एकत्र काठाच्या टाक्याने कंडरेने शिवल्या, उलटून. टाचेला उभी शिवण, खाली दोन सेमीची आडवी, उलट्या टी-सारखी. मधे उरलेली जीभ बाहेरून वर दुमडून शिवली. सुलटं करून आतून मुठीने टोक ठोकलं. मण्यांची पट्टी मधल्या शिवणीवर, कडेने बारीक तुरपाई.

झडपा सगळ्यांत शेवटी, उलट्या बाजूने जोडायच्या, म्हणजे बाहेर दुमडल्यावर मणीकाम सुलटं येतं. डाव्या-उजव्याची गल्लत बहुतेकांची इथेच होते, म्हणून शिवण्याआधी टाचणीने लावून दुमडून बघणं सक्तीचं. खालून घोट्याभोवती कातड्याची वादी ओवली.

१५ फेब्रुवारी: किनार

झडपांच्या तीन बाजूंना पांढरी किनार. पहिल्या टाक्याला तीन मणी. कडेत मागून पुढे सुई घालून तिसऱ्या मण्यातून वर. मग दर टाक्याला दोन मणी, सुई कडेतून, परत शेवटच्या मण्यातून वर. एक उभा, एक आडवा अशी ओळ तयार होते. अंतर ३ मिमी. कमी घेतलं तर किनार लाटेसारखी उठते, जास्त घेतलं तर आडव्या मण्याखाली धागा दिसतो. कोपऱ्यावर एकाच छिद्रात दोन टाके.

२२ फेब्रुवारी: तपासणी आणि ठेवण

जोडाचं वजन हातात हलकं, तळव्याखाली जमीन जाणवते. झडपा उलट्या करून प्रत्येक सर बोटाने उचकून बघितला. उजव्या झडपेवर दोन ठिकाणी बांधणी सैल होती, ती पुन्हा घातली. पंज्याच्या पट्टीच्या आतल्या बाजूला एकही टाका बाहेर आलेला नाही.

डबीवरच्या चिठ्ठीत स्पष्ट लिहिलं: 'लेनापी धाटणीची अभ्यास-प्रत, बनवणारे लेनापी नाहीत'. नमुना विकायचा नसला तरी हे हवंच. अमेरिकेत १९९०च्या इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स ॲक्टनुसार मूळनिवासींनी न केलेली वस्तू त्यांची म्हणून विकणं गुन्हा आहे, आणि वस्तू हातोहात फिरताना चिठ्ठी हरवायला वेळ लागत नाही. म्हणून झडपेच्या आतल्या बाजूलाही तेच शाईने लिहिलं.

ठेवताना आत आम्लरहित कागदाचा बोळा, नाहीतर चुण्या बसतात. प्लास्टिकच्या बंद पिशवीत नाही, सुती कापडात. लोकरीला कसर लागते, त्यामुळे दर तीन महिन्यांनी उघडून झडपेच्या कडा आणि घड्या बघणे. भिजलं तर उन्हात किंवा हीटरजवळ सुकवायचं नाही: सावलीत, मधूनमधून हाताने चोळत. आधी झिजणार तो पंज्याच्या चवड्याखालचा भाग. तिथे बाहेरून नाही, आतून ठिगळ. त्यासाठी मानेकडचा हातभर तुकडा त्याच डब्यात ठेवला आहे.